फ्रिजच्या कॉम्प्रेसरमध्ये नॅनो ऑइल कुणी टाकलंय का? मदत हवी आहे (अर्जंट)

केळीचंपान: परवा मेकॅनिक येतोय म्हणून लवकर सांगा. फ्रिज बंदच होत नाही, रात्रभर घुर्रर्र चालू, बिल वाढलंय. कॉम्प्रेसरच्या ऑइलमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोकण घातले की २६ टक्के वीज वाचते असं वाचलं, पावडर ऑनलाइन मिळतेय. किती ग्रॅम घालायची एवढंच सांगा.

तापमापक: गॅस कुठला? आर-१३४ए की आर-६००ए? मागच्या स्टिकरवर असतं. आणि फ्रिज किती जुना?

गॅसवाले_काका: ताई, पंचवीस वर्षं हेच काम करतोय. कॉम्प्रेसर सीलबंद असतो, ऑइल ओतायला झाकण नसतं. लाइन कापा, गॅस काढा, वॅक्यूम करा, परत गॅस भरा, त्यात कॅपिलरीचं (गॅस जातो त्या बारीक नळीचं) भोक मिलिमीटरहून बारीक, पावडरीचे गोळे झाले की चोकअप. कॉम्प्रेसर गेला तर कोण भरून देणार?

सायली_के: स्टॅबिलायझर लावा, आमचा लावल्यापासून मस्त चालतोय.

केळीचंपान: आर-६००ए, सिंगल डोअर, ९ वर्षं झाली. स्टॅबिलायझर आहे हो! ग्रॅम सांगा ना कुणीतरी.

तापमापक: तो २६ टक्क्यांचा आकडा २००८ च्या चिनी प्रयोगातला, आर-१३४ए वरचा. त्यात नेहमीचं पीओई (सिंथेटिक) ऑइल काढून मिनरल ऑइल आणि नॅनोकण घातले होते, म्हणजे ऑइलही बदललं. २०११ मध्ये आर-६००ए वर केलं तेव्हा ९.६ टक्केच वाचली, तेही लॅबमध्ये. तुमचा आकडा तुमच्या फ्रिजचा नाहीच.

गॅसवाले_काका: लॅबचं राहू द्या. ६००ए पेट घेतो, मेकॅनिकला गॅस पूर्ण काढल्याशिवाय नळी जोडायची गॅसची टॉर्च लावू देऊ नका.

तापमापक: काका, लॅबशिवाय तुमचा ६००ए तरी आला असता का?

पिंट्या_नाशिक: हे स्कूटरच्या ऑइलमध्ये चालेल का?

माठवाली: फ्रिज भिंतीला चिकटलाय का? कधीपासून होतंय हे?

केळीचंपान: दिवाळीला ओटा नवीन केला तेव्हापासून, फ्रिज कोपऱ्यात सरकवलाय, मागे दोन बोटं पण जागा नाही. त्याचा काय संबंध?

माठवाली: तोच तर संबंध! आतली उष्णता बाहेर पडायलाच वाट नाही, मग कॉम्प्रेसर थांबणार कसा. आधी पुढे ओढा, मागे जाळी असेल तर प्लग काढून धूळ झाडा. आणि दारात दहाची नोट धरून बंद करा, ओढली की सहज निघते का बघा, निघाली तर तिथे दाराचं रबर नीट बसत नाही.

केळीचंपान: ओढला. वरती नोट घट्ट बसते, खालच्या कोपऱ्यात सरळ बाहेर येते. रबर तिथे कडक झालंय. मेकॅनिकला पावडरीचं नको सांगते, पण रबर नुसतं मिळतं का की दरवाजाच बदलायला लावतात?

गॅसवाले_काका: गॅस्केट सुटं मिळतं. मॉडेल नंबर टाका.