अलीकडे मजेखातर काय वाचलंत?

परीक्षेसाठी नाही, कामासाठी नाही, कुणी भेट दिलंय म्हणून भिडेखातरही नाही. वाचावंसं वाटलं म्हणून वाचलं, असं अलीकडचं एखादं पुस्तक सांगा. सारांश नको, तो कुठेही मिळतो. वाचताना तुमचं काय झालं ते लिहा. अर्धवट टाकलेलंही चालेल.

सुरुवात मीच करतो. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास'. नाव इतक्यांदा कानावर पडलं होतं की आपण हे वाचलंय असंच मी धरून चाललो होतो. वाचायला घेतलं तर भलतंच निघालं. 1857 म्हणजे माझ्या डोक्यात घोडे, तलवारी आणि आरोळ्या. हा माणूस मात्र निघालाय दक्षिणा मिळवायला. घरात कर्ज आहे, तिकडे उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असं कळलंय, म्हणून काकांबरोबर बाहेर पडलाय. बंड त्यांना वाटेत भेटतं. पुढे झाशीला वेढा पडतो तेव्हा हे आतच. जमवलेले पैसे लुटले जातात, पुन्हा चार पैसे जमतात, पुन्हा जातात. आणि मला लाज वाटते सांगायला, पण ऐन धुमश्चक्रीत मला राणीपेक्षा याच्या कनवटीची काळजी! दर दहा पानांनी मी मनात हिशेब मांडायचो, आता किती उरले असतील? शेवटी घरी पोचली ती गंगेच्या पाण्याची कावड. हे सगळं त्यांनी बऱ्याच वर्षांनी आठवून लिहिलं आणि चिंतामणराव वैद्यांनी 1907 साली छापलं. इतिहास म्हणून वाचायला गेलात तर अडखळाल. गप्पिष्ट म्हाताऱ्याजवळ बसल्यासारखं वाचा.

*

'कोसला'. तिसऱ्या प्रयत्नात पार पडली. पहिल्या दोन्ही वेळा पन्नासेक पानांत पांडुरंग सांगवीकरचा इतका वैताग आला की ठेवून दिली. या वेळी त्याची लहान बहीण मनी जाते तिथपर्यंत पोचले आणि तो आधीचा सगळा टवाळपणा कशासाठी होता ते लख्ख कळलं. दुष्परिणाम एकच. कामाच्या पत्रांत 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' शिरलेत. साहेबांनी विचारलं, वगैरे म्हणजे नक्की काय काय?

*

मी पुन्हा वाचलं, चालेल ना? 'बनगरवाडी'. लहानपणी वाचलं तेव्हा ती एका मास्तराची गोष्ट होती. आता वाचताना मास्तराकडे लक्षच गेलं नाही. शेकूची बायको डोक्यात राहिली. औताला एकच बैल आहे, दुसरा मिळत नाही, तर ही बाई दुसऱ्या बाजूला स्वतःला जुंपून घेते. माडगूळकर तिथे हळहळत नाहीत, 'बघा बघा' म्हणत नाहीत. सांगतात आणि पुढे जातात. मीच मागे राहिले, तोच उतारा परत वाचत. शेवटी दुष्काळात वाडी रिकामी होते ते तर इतक्या कमी शब्दांत आहे की मला आधी वाटलं पान गळलंय. 1955 सालचं पुस्तक, पण कुठेही शिळं वाटलं नाही.

*

विश्राम बेडेकरांचं 'रणांगण'. लहानसं आहे, एका रात्रीत होतं. बोटीवरचे मोजके दिवस, युरोपातून परतणारा चक्रधर, जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू आणि त्यांच्यातली हॅर्टा. मला हलवलं ते प्रेमकथेने नाही. पुस्तक आलं 1939 साली. म्हणजे लिहिताना लेखकाला पुढचं काहीच माहीत नाही आणि मला सगळं माहीत आहे. बोटीवरचं कुणी 'आता पुढे बघू' अशा थाटात बोललं की पोटात गोळा यायचा. शेवट सांगत नाही.

*

वरचं वाचून राहवलं नाही. हॅर्टा मान्य. चक्रधर मात्र मला शेवटपर्यंत सोसला नाही. स्वतःच्या दुःखाचं फार कौतुक आहे त्याला. कदाचित लेखकाला तेच दाखवायचं असेल, पण म्हणून काही तो मला आवडणार नाही.

*

माझं वाचन नाही, वाचून दाखवणं. सासूबाईंना आता अक्षरं दिसत नाहीत, म्हणून रोज रात्री अर्धा तास 'स्मृतिचित्रे'. सुरुवातीला मी जरा वक्तृत्व स्पर्धेत उभी राहिल्यासारखी वाचायचे. दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्या बाई बोलतायत, तू भाषण काय करतेस?" खरंच, लक्ष्मीबाई टिळकांचं वाक्य साध्या बोलण्याच्या सुरात वाचलं की आपोआप हसू फुटतं. वडिलांच्या सोवळ्याचं वेड, नवऱ्याचा, म्हणजे कवी ना. वा. टिळकांचा विक्षिप्तपणा, सगळं कसं मिश्कीलपणे सांगितलंय. मग टिळकांचा बाप्तिस्मा आला, 1895चा. बाईंच्या पायाखालची जमीन गेलेली. तिथे सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. मला वाटलं झोपल्या. पुस्तक मिटलं तर म्हणाल्या, "थांबलीस का? तिला असं एकटीला टाकून झोपायचं होय?" त्या रात्री साडेबारा वाजले.

*

'सत्तांतर', माडगूळकरांचंच. वानरांच्या टोळ्या, बस्स. एकही माणूस मधे येऊन शहाणपण शिकवत नाही. नवा हुप्प्या टोळी बळकावतो आणि पिल्लांचं जे होतं ते वाचताना दोनदा पुस्तक खाली ठेवलं. नाजूक मनाच्यांनी जपून.

*

मी वर्षभर एकच पुस्तक वाचतोय, तेव्हा यादीत शोभणार नाही. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र'. बारा महिन्यांवरचे लेख. ज्या महिन्याचा लेख तो त्याच महिन्यात वाचायचा, असं चैत्रात ठरवलं. एरवी दोन दिवसांत संपवलं असतं आणि विसरलोही असतो. आता लेख वाचला की खिडकीतून बघायची सवय लागलीय. समोरच्या झाडाची पालवी आधी तांबूस येते, मग पोपटी होते आणि मग कधीतरी हिरवी, हे इतकी वर्षं त्याच खिडकीत बसून मला ठाऊक नव्हतं. श्रावणात कामाच्या धबडग्यात लेख राहून गेला. भाद्रपदात तो वाचायला मन होईना. पुढच्या श्रावणासाठी ठेवलाय, तिथे खूण घालून.