व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे मिश्र अभ्यासक्रम नव्हे

किनारवारा: मिश्र अभ्यासक्रमासाठी, म्हणजे थोडं वर्गात, थोडं ऑनलाइन शिकवायला, ‘मूडल-बिडल फुकटची डोकेदुखी, व्हिडिओ यूट्यूबवर, नोट्स व्हॉट्सॲपवर टाकल्या की झालं,’ असं काल कुणी इथे लिहिलंय. साफ अमान्य! पावसात राजापूर-लांज्याकडे वीज गेली की रेंजही जाते, मग यूट्यूब काय कामाचं? मूडल म्हणजे ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायची प्रणाली; तिच्या ॲपवर कॉलेजच्या वायफायने अख्खा घटक उतरवून घेता येतो. चाचणीसुद्धा घरी नेटशिवाय सोडवता येते. फक्त ऑफलाइनची परवानगी द्यायची, वेळमर्यादा काढायची, प्रश्नांची वागणूक ‘डिफर्ड फीडबॅक’ (चूक-बरोबर शेवटीच कळणारी) ठेवायची. एचफाइव्हपीत (व्हिडिओत प्रश्न घालायचं साधन) यूट्यूबची लिंक नको, फाइलच चढवा. हँडब्रेक या व्हिडिओ लहान करायच्या सॉफ्टवेअरमधून ४८०पीला (कमी रिझोल्यूशनला) आणली की आटोपशीर होते.

खाडीपट्टा: चढवा म्हणे! मूडल ज्यावर चालतं त्या पीएचपीची एका फाइलची मर्यादा मुळात २ एमबी, एका वेळी पाठवायच्या एकूण डेटाची (पोस्टची) ८. दोन्ही वाढवल्याशिवाय व्हिडिओ चढेल? क्रॉन (सर्व्हरवर ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा) बंद पडला की सूचनाही जात नाहीत. बॅकअप म्हणून नुसता डेटाबेस घेतात, चढवलेल्या फाइलींचा मूडलडेटा फोल्डर राहतो. परत उभं केलं की कोर्स दिसतात, फाइली गायब. हे सांभाळणार कोण, मराठीचे प्राध्यापक?

मालवणी छाप: सर्व्हर राहू द्या, आधी मराठीचं बघा. जुन्या फॉन्टातल्या नोट्स चिकटवल्या की नुसता कचरा दिसतो. युनिकोड या आजच्या प्रमाण अक्षरसंकेतातही फसगत आहेच. कोळंबी संवर्धनाच्या चाचणीत उत्तर ‘निमखाऱ्या’ (म्हणजे कमी खारट पाण्यात). हा ‘ऱ्या’ नुक्त्याच्या (खाली टिंब असलेल्या) ऱ ने टंकता येतो, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर सारखेच, मूडलच्या लेखी वेगळे. बरोबर लिहूनही पोराला शून्य!

किनारवारा: मग बहुपर्यायी प्रश्न द्या.

मालवणी छाप: म्हणजे पोरांनी मराठी लिहायचीच नाही? पळवाट आहे ही! दोन्ही रूपं वेगवेगळी उत्तरं म्हणून पूर्ण गुणांनी नोंदवा. नाहीतर ‘निमखा*’ टाका (* म्हणजे पुढे काहीही चालेल), पण त्यात ‘निमखारे’ही बसतं. प्रश्नपेढी करतानाच हे करायला हवं. निकालानंतर शंभर पेपर हाताने तपासायला कोण बसणार?

खाडीपट्टा: फॉन्टवरच रात्र काढा आता. ऑफलाइन चाचणीचं मान्य, तेवढंच. पण ती उत्तरं फोन नेटवर येऊन सिंक झाल्याशिवाय पोचत नाहीत. मुदत आठवड्याची ठेवा, दोन दिवसांची नको. आणि २०२१ चा चिपळूणचा पूर पाहूनही सर्व्हर तळमजल्यावर ठेवणार असाल तर बोलणंच खुंटलं. भाड्याचा घ्या. डेटाबेस, मूडलडेटा आणि कॉन्फिग (सेटिंगची) फाइल, तिन्ही रोज रात्री दुसरीकडे गेलीच पाहिजेत.

किनारवारा: भाड्याचा चालेल. पण मग ‘फुकटची डोकेदुखी’ हे तरी मागे घ्या.

खाडीपट्टा: ‘फुकटची’ मागे. डोकेदुखी आहेच.