जुना फोन हातातून सोडण्यापूर्वी: माहिती कशी पुसली? (अनुभव धागा)

दिवाळीच्या आवराआवरीत कपाटाच्या खालच्या खणातून आमच्या घरातले पाच जुने फोन निघाले. त्यांतला एकही भंगारात किंवा एक्स्चेंजमध्ये द्यायला माझा हात धजावला नाही, कारण २०१४ साली अवास्त या कंपनीने ई-बे या ऑनलाइन बाजारावरून वापरलेले २० फोन घेऊन त्यांतून ४०,०००हून अधिक छायाचित्रे परत मिळवली होती, ही बातमी माझ्या डोक्यातून गेलेली नाही. त्यांतल्या बहुतेक मालकांना आपण फोन पुसला आहे असेच वाटत असणार. ज्यांनी फोन विकले, दिले किंवा मोडीत काढले, त्यांनी नेमके काय केले आणि कुठे चुकले, ते कृपया सविस्तर लिहावे.

◆

माझे नाशिकला मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे, त्यामुळे हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो. फाइल उडवली की फक्त तिची नोंद जाते. मजकूर त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच पडून असतो. फोन चित्रपटांनी भरून पुन्हा रिकामा करण्याचा उपाय अनेक जण सांगतात, पण फोनमधली फ्लॅश मेमरी झीज सारखी राहावी म्हणून प्रत्येक वेळी लिखाण वेगवेगळ्या कप्प्यांत वाटते आणि काही कप्पे राखीवही ठेवते, त्यामुळे जुन्या मजकुरावरच नवे लिहिले गेले याची खात्री देता येत नाही. खरा आधार एन्क्रिप्शनचा, म्हणजे मजकूर गुप्त किल्लीने कुलूपबंद करण्याचा आहे. मेमरीतला मजकूर कुलूपबंद असेल, तर रीसेट करताना (म्हणजे मूळ स्थितीत आणताना) फोन किल्ली नष्ट करतो आणि उरतो तो अर्थहीन आकड्यांचा ढीग. आयफोनमध्ये ही सोय २००९च्या थ्रीजीएसपासून आहे. अँड्रॉइडमध्ये २०१५च्या सहाव्या आवृत्तीसह बाजारात आलेल्या बहुतेक फोनांत ती मुळातच चालू असते. तुमच्या खणातला एखादा फोन त्याआधीचा असेल, तर आधी पिन लावा, फोन चार्जरला जोडा, सेटिंगमधील सिक्युरिटीत जाऊन ‘एन्क्रिप्ट फोन’ निवडा आणि ते पूर्ण झाल्यावरच रीसेट करा. तासभर किंवा जास्त वेळ लागतो; मध्येच चार्जर काढू नका. माझ्या एका गिऱ्हाइकाने काढला होता.

◆

माझी चूक उलट दिशेची आहे. पॅटर्न आठवत नव्हता, म्हणून मी आवाजाचे आणि पॉवरचे बटण एकत्र दाबून फोन रीसेट केला आणि साताऱ्याला भाच्याला पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, “आत्या, हा तुझाच ईमेल आणि पासवर्ड मागतोय.” गूगलचे खाते आधी न काढता अशा मार्गाने रीसेट केले, तर चोरीपासून संरक्षण म्हणून फोन जुन्याच खात्याला बांधलेला राहतो. पासवर्ड मीही विसरले होते. भाचा माझा होता म्हणून निभावले; परका गिऱ्हाईक असता, तर त्याने मला चोरच ठरवले असते.

◆

मी न्यू जर्सीत असते. आयफोन दुकानात परत द्यायच्या आदल्या रात्री, रीसेटवर विश्वास नव्हता म्हणून, मी बसून सगळी छायाचित्रे हाताने पुसली. आयक्लाउड, म्हणजे अॅपलची ऑनलाइन साठवण, चालू होते. सकाळी नवीन फोन उघडला तर आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचा अख्खा अल्बम गायब, कारण मी पुसत होते ते फोनमधले नव्हे, खात्यामधले. ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये ३० दिवस ठेवतात म्हणून सगळे परत मिळाले. म्हणून खात्यातून बाहेर पडण्याआधी एकही छायाचित्र किंवा संपर्क हाताने पुसू नका. आधी बॅकअप, मग साइन आउट, मग ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’. ऑथेंटिकेटर (लॉगिनसाठी कोड देणाऱ्या) अॅपचे कोडही त्याआधीच नव्या फोनवर न्यायला हवेत, नाहीतर बँकेच्या दारात उभे राहावे लागते.

◆

फोन नीट पुसला, पण मेमरी कार्ड ट्रेमध्येच राहिले. घेणारा सज्जन निघाला आणि कार्ड परत देऊन गेला. कुतूहल म्हणून मी ते फॉरमॅट करून फोटोरेक या मोफत प्रणालीने तपासले, तर मुलीच्या बारशापासूनची छायाचित्रे वर आली. त्यानंतर मी ते कात्रीने कापले.

◆

पडदा फुटलेल्या फोनाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. स्पर्श चालत नव्हता, पण चित्र दिसत होते. ओटीजी जोडणीने (फोनला बाहेरचे उपकरण जोडणाऱ्या छोट्या केबलने) संगणकाचा माउस लावला आणि त्यानेच रीसेट केले. पूर्ण मेलेल्या फोनाला मात्र हातोडा किंवा ड्रिल लावू नका, लिथियमची बॅटरी पेट घेते. मी दुरुस्तीवाल्याकडून बॅटरी वेगळी करून घेतली, बोर्डवरची मेमरीची चिप त्याच्याचकडून फोडून घेतली आणि उरलेले नोंदणीकृत ई-कचरा केंद्रावर दिले.

◆

धागा काढणारा मीच. पाचपैकी तीन फोन नाशिककरांनी सांगितल्याप्रमाणे मार्गी लागले, त्यांतल्या एका जुन्याला एन्क्रिप्ट व्हायला पावणेदोन तास लागले. चौथा सुरूच होत नाही, तो दुरुस्तीवाल्याकडे जाईल. पाचवा वडिलांचा बटणांचा फोन, त्याला सुरक्षा कोड हवा होता. कारखान्यातून येतो तो १२३४५ टाकला आणि उघडला. मूळ सेटिंगवर आणूनही त्याचे फोनबुक जसेच्या तसे राहिले, म्हणून एकेक नाव पुसत बसलो. ‘एटीएम काका’ या नावापुढे चारच आकडे होते. वडिलांना विचारले, तर म्हणाले, “ते पुसू नकोस, अजून तोच चालू आहे.”