वीस हजारांची मर्यादा परत मागायची की आधी रिपोर्ट सुधारायचे? (विमा सर्व्हेअरांच्या विभागीय मंडळाच्या वार्षिक सभेपूर्वी)

जुना_परवाना:
सभेचा अजेंडा आला. नवीन सभासदांचं स्वागत, ज्येष्ठांचा सत्कार, 'रिपोर्ट लेखन' या विषयावर दोन तासांचं सत्र, मग जेवण. शाल-श्रीफळ पुरे झालं, आता पोटाचं बोला. मंडळाने वर्षभर एकच काम करावं: सर्व्हेअर सक्तीची मर्यादा (ज्या रकमेपासून वरच्या क्लेमला स्वतंत्र परवानाधारक सर्व्हेअरची पाहणी लागतेच) मोटरला ५० हजार आणि बाकीला १ लाख झाली आहे, ती परत २० हजारांवर आणण्यासाठी निवेदनं, भेटी, गरज पडली तर कोर्ट. खालचे सगळे क्लेम कंपनीच्या पगारी माणसांनी आणि मोबाइल ॲपने गिळले. रिपोर्ट कसा लिहायचा ते आम्हाला कुणी शिकवू नये. काम द्या, रिपोर्ट आपोआप येईल.

कृष्णाकाठ:
शेवटची दोन वाक्यं वाचून डोकं फिरलं, म्हणून लांबण लावतोय.

एक, वीस हजारांचा आकडा पूर्वी थेट विमा कायद्यात होता, कलम ६४ यूएममध्ये. २०१५ च्या दुरुस्तीने तो तिथून निघून नियमांच्या हवाली झाला आणि २०२० मध्ये वाढला. आज बंपर, हेडलॅम्प आणि दोन पॅनेलचं पेंट धरलं तरी बऱ्याच गाड्यांचं एस्टिमेट वीस हजारांच्या वर जातं. म्हणजे तुम्ही प्रत्येक ओरखड्याला स्वतंत्र सर्व्हेअर मागताय. विमा नियामक हे ऐकून घेईल, चहा पाजेल आणि फाइल बंद करेल.

दोन, 'रिपोर्ट आपोआप येईल' हे तर भलतंच. पुराच्या साध्या दुकानाचा हिशेब घ्या. सुरुवातीचा साठा ४२ लाख, घटनेपर्यंत खरेदी ६५ लाख, विक्री ८० लाख. ग्रॉस प्रॉफिट १५ टक्के धरलं तर विकलेल्या मालाची किंमत ६८ लाख, म्हणजे घटनेच्या दिवशी साठा ३९ लाख. विमा ३० लाखांचा. अंडर-इन्शुरन्स (साठ्यापेक्षा विमा जेवढा कमी) २३ टक्के, म्हणजे सूक्ष्म उद्यम पॉलिसीतली १५ टक्क्यांची सूट ओलांडली, ॲव्हरेज लागलं, म्हणजे त्याच प्रमाणात भरपाई कापली. २० लाखांच्या नुकसानीचे १५ लाख ३८ हजार झाले. आता त्या ३९ मध्ये ४ लाखांचा डेड स्टॉक निघाला, पुस्तकात पूर्ण दराने आणि प्रत्यक्षात शून्य किमतीचा, तर साठा ३५ लाख. अंडर-इन्शुरन्स १४.३ टक्के. ॲव्हरेज लागतच नाही, पूर्ण २० लाख (एक्सेस, म्हणजे विमाधारकाने स्वतः सोसायचा भाग, वेगळा). साडेचार लाखांचा फरक, आणि तो कळतो कशाने? रॅकच्या कोपऱ्यातल्या मालाची बॅच आणि खरेदीची तारीख कुणी पाहिली का, एवढ्याने. उलट बाजूने ग्रॉस प्रॉफिट २२ टक्के असताना गेल्या वर्षीचे १५ टक्के छापले, तर साठा साडेपाच लाखांनी कमी दिसतो आणि कंपनीकडून जास्त पैसे जातात. हा हिशेब पानभर मांडून दाखवणारे रिपोर्ट किती येतात? बहुतेकांत 'इन्शुअर्डने दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटनुसार' एवढ्यावर भागतं. बँकेला दिलेलं स्टेटमेंट आणि जीएसटी रिटर्न यांचा मेळ न घालता.

मग कंपनी दुसरा सर्व्हेअर नेमते आणि आपण बोंब मारतो. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंना ऐकवलंय: प्रदीप कुमार प्रकरणात, की सर्व्हे रिपोर्ट हा शेवटचा शब्द नाही, श्री वेंकटेश्वर सिंडिकेट प्रकरणात, की कंपनीला वाटेल तेव्हा दुसरा सर्व्हेअर नेमता येत नाही, सबळ कारण द्यावं लागतं. पहिला रिपोर्टच तकलादू असला तर कारण आपणच कंपनीच्या हातात देतो.

बंपर_टू_बंपर:
साठ्याचं गणित छान. पण मंडळात मोटरवाले जास्त, आणि सुऱ्या आमच्याच पोटात शिरल्यात. ॲपला बंपरचा फोटो दिसतो. आतली क्रॅश बार, रेडिएटर सपोर्ट, कंडेन्सर, रडारचा ब्रॅकेट दिसत नाही. बंपर उतरल्यावर सप्लिमेंटरी एस्टिमेट येतं, तोवर ॲपने मंजुरी दिलेली असते आणि वर्कशॉपला फटीत जे बसेल ते बसवता येतं. पुराच्या गाड्यांत तर हा निव्वळ विनोद आहे. कार्पेट ओलं दिसतं, इंजिनात काय झालं ते नाही.

मेटल_डेप:
पुराच्या गाड्यांवर आपण न बोललेलं बरं. तिथे आपलेच लोक इंजिनसमोर 'कॉन्सिक्वेन्शियल' (मागाहून ओढवलेलं, विम्यात न बसणारं नुकसान) असा एक शब्द टाकून मोकळे होतात. ना पिस्टनचं माप, ना ऑइलचा नमुना, ना ड्रायव्हरचा जबाब. ॲपपेक्षा वेगळं काय केलं?

बंपर_टू_बंपर:
पाण्यात उभी गाडी चावी फिरवून इंजिन लॉक केलं तर ते कॉन्सिक्वेन्शियल नाही तर काय, आभाळातून पडलं? विमाधारकाचा वकील व्हायचं असेल तर परवाना सरेंडर करा.

मेटल_डेप:
परवान्यावर जायचं नाही, शेठ. पॉलिसी उघडा. 'पुन्हा चालवल्याने वाढलेलं नुकसान' हा विषय चौथ्या अटीत आहे: दुरुस्तीआधी गाडी चालवली तर वाढीव नुकसान मालकाचं. कॉन्सिक्वेन्शियल लॉसचं एक्स्क्लूजन वेगळं. चुकीचं कलम लिहिलं की ग्राहक आयोगात पहिल्याच तारखेला रिपोर्ट उताणा.

चिपळूण_२१:
कलमाचं मेटल_डेप यांचं बरोबर आहे, पण दोघेही पुराव्याच्या आधीच भांडताय. रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वाकला म्हणजे गाडी पुन्हा स्टार्ट केली, हा समज मुळात चूक आहे. पाण्यातून चालती गाडी नेताना हवेच्या इनटेकने पाणी ओढलं तर पहिल्याच झटक्यात रॉड वाकतो, रीस्टार्टची गरजच नाही. आणि पार्किंगमध्ये बुडालेल्या, इंजिन बंद असलेल्या गाडीत पाणी शिरलं तर आपोआप काहीच वाकत नाही.

क्रम असा ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह काढलेली आहे का ते आधी पाहा, नसेल तर काढायला लावा आणि तसं लिहा. पाण्याची रेषा कुठे आहे ते ठरवा: फूटवेल, सीटची बैठक, डॅशबोर्ड. फोटोत टेप धरा. एअर फिल्टरचा कागद नुसता दमट आहे की चिखलाने भरलाय? फिल्टरच्या पुढच्या डक्टमध्ये, म्हणजे इंजिनकडच्या बाजूला, गाळ आहे का? ही एक जागा निम्म्या वादांचा निकाल लावते. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ असेल तर नमुना बाटलीत घेऊन सीलवर वर्कशॉपची सही घ्या. मग स्पार्क प्लग किंवा इंजेक्टर काढून क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवायचं. स्टार्टरला हात लावायचा नाही. मोकळं फिरलं तर फ्लशिंग, ऑइल-फिल्टर दोनदा बदलणं, कॉम्प्रेशन टेस्ट. एवढाच खर्च, आणि तो पुराचाच. अडलं तर इंजिनचं हेड उघडून प्रत्येक पिस्टन टीडीसीला (त्याच्या सगळ्यात वरच्या टोकाला) आणा आणि डेप्थ गेजने ब्लॉकच्या पातळीपासून मोजा. एक पिस्टन बाकीच्यांपेक्षा खाली राहिला तर त्याचा रॉड गेला. त्याच सिलिंडरमध्ये वरच्या कडेची कार्बनची पट्टी नेहमीपेक्षा रुंद असेल तर तो रॉड जुना वाकलेला आहे, इंजिन त्यानंतरही बराच काळ चाललंय. हा पूर नव्हे. स्टार्टरच्या संथ फेऱ्यांत रॉड थोडा वाकतो किंवा इंजिन नुसतं अडतं. चालत्या इंजिनात तो चांगलाच वाकतो, कधी ब्लॉक फोडून बाहेर येतो. एवढं झाल्यावर ड्रायव्हरचा जबाब आणि टोइंगची पावती शेजारी ठेवा, मग कलम शोधा.

बंपर_टू_बंपर:
मॅडम, हे सगळं शांत दिवसातलं. जुलै २०२१ च्या पुरासारखं झालं की वर्कशॉपच्या अंगणात गाड्यांची रांग, आणि आपण पोचायच्या आत तिसऱ्याच दिवशी हेड उघडून पार्ट पोत्यात. पिस्टन कुठल्या सिलिंडरचा ते देवाला ठाऊक.

चिपळूण_२१:
म्हणून तर नेमणूक हातात पडल्याच्या तासाभरात वर्कशॉपला मेल टाकायचा: संयुक्त पाहणीशिवाय हेड उघडू नये, उघडलंच तर पार्टवर सिलिंडर क्रमांकाचा टॅग. मेल न टाकता नंतर रडणाऱ्यांची यादी मोठी आहे.

बंपर_टू_बंपर:
बरं. रुंद पट्टीचं मान्य. ते रिपोर्टमध्ये कुणी लिहित नाही, मीही धरून. बाकी सगळं तुम्हालाच ठाऊक, आम्ही आपले फोटोग्राफर.

हिशेबनीस:
वीस हजार, रॉड, कार्बन... मूळ दुखण्याला कुणी हात लावत नाही. फी मिळते कधी? बिल टाकलं की १८ टक्के जीएसटी आपल्या खिशातून, कारण कर बिलाच्या तारखेला लागतो, पैसे सहा महिन्यांनी आले तरी. वर आयकर कायद्याच्या (१९६१) १९४जे खाली १० टक्के टीडीएस. मर्यादा २० हजार केली तर काम वाढेल आणि थकबाकीही वाढेल. सभेत हा विषय का नाही?

जुना_परवाना:
अगदी! हेच म्हणतोय मी.

कृष्णाकाठ:
नाही, तुम्ही हे म्हणत नव्हता. पण हिशेबनीस म्हणतात त्यावर इलाज कायद्यातच आहे. उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या; आपण सेवा देणारे, बहुतेक सगळे सूक्ष्म गटात बसतो. मग कंपनीने पैसे द्यायची मुदत लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. त्यापुढे बँक रेटच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ व्याज. आणि मार्चअखेर थकलं तर १९६१ च्या आयकर कायद्यातल्या ४३बी(एच) मुळे तो खर्च त्या वर्षी कंपनीच्या उत्पन्नातून वजा होत नाही.

मेटल_डेप:
विमा कंपन्यांचा कर कलम ४४ ने ठरतो हो. ४३बी त्यांना लागणारच नाही.

हिशेबनीस:
लागतो. ४४ तुम्हाला पहिल्या अनुसूचीकडे पाठवतं, आणि तिथला नियम ५ सांगतो की कलम ३० ते ४३बी मध्ये न बसणारा खर्च नफ्यात परत मिळवायचा. शिवाय १८० दिवसांत बिल चुकतं केलं नाही तर कंपनीला त्यावर घेतलेलं आयटीसी (जीएसटीची वजावट) परत करावं लागतं. म्हणजे अकाउंट्सवाल्यांना दोन दोन कारणं आहेत; फक्त आपल्या बिलावर उद्यम क्रमांक छापलेला नसतो, म्हणून त्यांना कळत नाही की हे सूक्ष्म उद्योगाचं देणं आहे.

मेटल_डेप:
ठीक, नियम ५ पाहिला. बरोबर आहे. पण समाधान पोर्टलवर (सूक्ष्म-लघु उद्योगांच्या थकबाकीच्या सरकारी पोर्टलवर) तक्रार टाकलेल्या सर्व्हेअरला पुढच्या महिन्यात नेमणुका किती येतात ते विचारा. कंपनीच्या सर्व्हेअर यादीतून काढत नाहीत, फोन येणं थांबतं. हक्क कागदावर, चूल घरी.

जुना_परवाना:
म्हणूनच मंडळ लागतं ना? एकेकट्याने मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची नसेल तर सगळ्यांनी मिळून. तेच मी सांगतोय आणि मला रिपोर्ट लिहायला शिकवताय.

कृष्णाकाठ:
घंटेचं मान्य. आता तुमच्या भाषेत: दर तिमाहीला मंडळाने कंपनीनिहाय थकबाकीची यादी करावी. बिल क्रमांक, तारीख, रक्कम, ४५ ते ९० दिवस, ९० ते १८०, १८० च्या पुढे. सभासदांची नावं नकोत, नुसत्या बेरजा. ती कंपनीच्या विभागीय कार्यालयाला, प्रत मुख्यालयाच्या वित्त विभागाला. तक्रार नाही, व्याजाची मागणी नाही, फक्त मार्चच्या आत ४३बी(एच) ची आठवण. अशा पत्रावर कुणा एकाचे फोन थांबवता येत नाहीत.

पण रिपोर्ट लेखनाचं सत्र रद्द होणार नाही. नियामकाच्या जून २०२४ च्या मास्टर सर्क्युलरनंतर २४ तासांत नेमणूक, १५ दिवसांत रिपोर्ट, त्यानंतर ७ दिवसांत कंपनीचा निर्णय. दहाव्या दिवशी कागदपत्रांची मागणी पाठवणारा सभासद मुदत पाळूच शकत नाही. उशिराच्या रिपोर्टचं बिल कुणी अडवलं तर मंडळ कोणत्या तोंडाने भांडणार?

जुना_परवाना:
पंधरा दिवस! इन्शुअर्डचा सीए तीन आठवडे फोन उचलत नाही, त्याचं काय?

चिपळूण_२१:
मागणीपत्र पहिल्या पाहणीच्या दिवशी, जागेवर, इन्शुअर्डची पोच घेऊन. सातव्या दिवशी स्मरणपत्र, कंपनीला प्रत. बाराव्या दिवशी दुसरं. पंधराव्या दिवशी उपलब्ध कागदांवर रिपोर्ट, काय मिळालं नाही त्याची यादी जोडून. मग उशीर कुणाचा ते फाइलच बोलते.

जुना_परवाना:
म्हणजे सत्रात हे शिकवणार असाल तर बसतो. सत्काराच्या वेळी मात्र बाहेर असेन.

बंपर_टू_बंपर:
पुराच्या गाडीची तपासणी यादी एका पानावर छापून सगळ्यांना द्या, जूनच्या आत. डेप्थ गेज कुणाकडे आहे तेही आताच विचारून ठेवा, वर्कशॉपमध्ये ऐनवेळी कधी सापडत नाही.

हिशेबनीस:
आणि थकबाकीच्या यादीसाठी आकडे ३१ तारखेपर्यंत पाठवा. बिलावर उद्यम क्रमांक नसेल त्यांनी आधी बिलाचा नमुना बदला, नाहीतर तुमची रक्कम बेरजेत धरणार नाही.