सल्ला हवा: जर्सी सिटी सोडून ॲरिझोना किंवा न्यू मेक्सिकोला जावं का?

ऋतुगंधा
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं, वय तिशीच्या आत, सध्या जर्सी सिटीत एका बेडरूममध्ये. भाडं दरवर्षी वाढतंय, म्हणून नैर्ऋत्येकडे जायचा विचार पक्का होत आलाय. तीन ठिकाणं डोक्यात आहेत: ॲरिझोनात फिनिक्सजवळ चँडलर-गिल्बर्ट किंवा टूसान, आणि न्यू मेक्सिकोत अल्बकर्की. मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्डसाठीचा कंपनीचा अर्ज (आय-१४०) मंजूर आहे. काम पूर्णपणे घरून, कंपनीचं ऑफिस मॅनहॅटनमध्ये. नवरा एच-४ ईएडीवर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराला मिळणारा कामाचा परवाना), इलेक्ट्रॉनिक्सवाला, तिकडे नवी नोकरी शोधेल. दोनेक वर्षांत बाळाचा विचार आहे. सासूसासरे दरवर्षी मे ते ऑक्टोबर आमच्याकडे असतात. गाडी एकच, २०१६ ची. फेब्रुवारीत चार दिवस जाऊन पाहून यावं म्हणतोय. "उन्हाळा कडक असतो" हे ऐकलंय, त्याच्या पुढचं सांगा.

चँडलरवासी
पहिली गोष्ट, फेब्रुवारीत पाहणी करू नका. फेब्रुवारीत फिनिक्स सगळ्यांनाच आवडतं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात या, हॉटेलऐवजी भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहा आणि घरं दुपारी ४ ते ६ मध्ये बघा. २०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट किंवा वर होता (माझे सगळे अंश फॅरनहाइटच). २०२४ मध्ये सलग ११३ दिवस १०० च्या खाली कमाल तापमान उतरलं नाही. पण खरी अडचण रात्रीची आहे. १९ जुलै २०२३ ला तिथलं किमान तापमान ९७ होतं. पहाटेसुद्धा एसीला विश्रांती नाही, म्हणून इथे घर निवडणं म्हणजे आधी एसी निवडणं.

घर बघायला जाताना खिशात एक साधा थर्मामीटर ठेवा. एसी पंधरा मिनिटं चालू असू द्या. हवा ओढून घेणाऱ्या जाळीपाशी एकदा आणि थंड हवा सोडणाऱ्या झरोक्यापाशी एकदा तापमान मोजा. फरक १५ ते २० अंश असला तर ठीक. १४ च्या खाली असला तर गॅस कमी, कॉइल घाण किंवा डक्ट फाटलेला. मग बाहेरच्या युनिटवरची पाटी वाचा, उत्पादनाचं वर्ष तिथे असतं. २०१० च्या आधीचं असेल तर ते आर-२२ या जुन्या थंडावा देणाऱ्या वायूवर चालणारं असू शकतं. त्या वायूचं उत्पादन आणि आयात २०२० पासून बंद आहे, त्यामुळे गळती लागली की दुरुस्तीपेक्षा बदलणंच परवडतं. इथे अनेक जुन्या घरांत सगळं युनिट छतावर असतं, म्हणजे ते दिवसभर उन्हात भाजतं. सगळ्यात जास्त वेळा जातो तो कपॅसिटर, म्हणजे मोटर चालू करणारा छोटा भाग. भाग स्वस्त आहे, पण जुलैत मेकॅनिकची वाट बघावी लागते. घरमालकाला थेट विचारा: शेवटची सर्व्हिस कधी, बिघडल्यास किती तासांत माणूस येतो, आणि तोवर हॉटेलचा खर्च कोणाचा. उत्तर लीजमध्ये लिहून घ्या.

एसी साधारण १०८-११० अंशांचा हिशेब धरून बसवलेले असतात. बाहेर ११६ असताना घरात ७२ मिळत नाही म्हणून युनिट बिघडलंय असं नसतं. ७८ वर राहायची तयारी ठेवा. फिल्टर उन्हाळ्यात दर महिन्याला बदला, धूळ फार आहे. पाणी जाण्याची बारीक नळी शेवाळाने तुंबली की सुरक्षेचा स्विच अख्खा एसी बंद करतो आणि लोक उगाच कॉम्प्रेसर गेला म्हणून घाबरतात. दोन महिन्यांतून एकदा त्या नळीत कपभर व्हिनेगर ओता.

खिडक्यांची दिशा बघाच. दिवाणखान्याच्या मोठ्या काचा पश्चिमेला असतील तर ते घर सोडून द्या, भाडं शंभर डॉलर कमी असलं तरी. उत्तर-दक्षिण उघडणारं घर उत्तम.

विजेची कंपनी तुम्हाला निवडता येत नाही, पत्त्यावर ठरते: एकतर एसआरपी नाहीतर एपीएस. दोघांकडे वेळेनुसार दर आहेत. एपीएसच्या अशा योजनेत सोमवार ते शुक्रवार दुपारी ४ ते ७ वीज महाग. मग दुपारी एक-दीडपासून घर ७५ पर्यंत गार करून ठेवायचं, चारला थर्मोस्टॅट ८० वर, सातनंतर पुन्हा खाली. ऋतुगंधा, तुम्ही घरून काम करणार, तेव्हा हा हिशेब तुम्हाला रोजचा. कॉम्प्युटरची खोली पूर्वेकडची घ्या.

हिशेबनीस
घर नंतर, आधी कागदपत्रं. तुमची केस घरून कामाची असल्यामुळे लोक नेमकं इथेच चुकतात.

एच-१बीत तुमचं घर हेच कामाचं ठिकाण आहे. एका महानगर क्षेत्रातून दुसऱ्यात गेलात की २०१५ च्या सिमिओ या इमिग्रेशन प्रकरणातल्या निकालानुसार कंपनीने सुधारित अर्ज भरावा लागतो. क्रम असा: नव्या पत्त्याच्या भागातलं प्रचलित वेतन बघून एलसीए, म्हणजे वेतनाच्या अटींचा अर्ज (त्याला कामगार खातं सात कामाचे दिवस घेतं), मग सुधारित एच-१बी अर्ज. तो दाखल झाल्यावर नव्या जागी काम सुरू करता येतं, मंजुरीची वाट बघावी लागत नाही. पण दाखल होण्याआधी तिथून लॉग-इन करू नका, आठवडाभरसुद्धा नाही. एचआरला किमान दोन महिने आधी सांगा. कंपनीची ॲरिझोनात पगारासाठी नोंदणी नसेल तर तीही करावी लागते, आणि काही कंपन्या तिथेच नाही म्हणतात.

आय-१४० च्या मागचा पर्म (कामगार खात्याचं प्रमाणपत्र) कुठल्या जागेसाठी आहे ते वकिलाकडून लेखी घ्या. त्यात मॅनहॅटन लिहिलं असेल तर नवा पर्म लागू शकतो. लागला तरी ग्रीन कार्डच्या रांगेतली जुनी प्राधान्य तारीख टिकते.

नवऱ्याच्या ईएडीला शहराचं बंधन नाही. मात्र ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना आपोआप मुदतवाढ मिळत नाही. कार्ड संपायच्या १८० दिवस आधी अर्ज करता येतो, त्याच आठवड्यात करा. नाहीतर नवी नोकरी लागून चार महिने झालेले असताना कामावरून घरी बसायची वेळ येते. घर बदलल्यावर दहा दिवसांत दोघांचा एआर-११ (पत्ता बदलल्याचा फॉर्म) वेगवेगळा भरायचा.

कर: ॲरिझोनात २०२३ पासून उत्पन्नावर सरसकट २.५ टक्के. पण ऑफिस मॅनहॅटनमध्ये असेल आणि घरून काम तुमच्या सोयीसाठी चाललंय असं न्यूयॉर्कने धरलं, तर तुम्ही वाळवंटात बसून केलेल्या कामावरही ते राज्य कर लावतं. बचतीचा तक्ता मांडण्याआधी हे सीपीएकडून, म्हणजे इथल्या सीएकडून, तपासा. कंपनीने तुमची नेमणूक कागदोपत्री दुसऱ्या राज्यातल्या ऑफिसला जोडली तर चित्र बदलू शकतं.

सांडियाच्या पायथ्याशी
अल्बकर्कीबद्दल. उंची पाच हजार फुटांच्या वर, त्यामुळे उन्हाळा फिनिक्सपेक्षा कितीतरी सुसह्य, रात्री गार, हिवाळ्यात थोडा बर्फ. पण नवऱ्याच्या नोकरीचा प्रश्न इथे मोठा आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या चांगल्या जागांचा मोठा भाग सांडिया प्रयोगशाळा, कर्टलँड हवाई तळ आणि त्यांच्या कंत्राटदारांकडे आहे, आणि तिथे बहुतेक ठिकाणी अमेरिकी नागरिकत्व लागतं. टूसानमध्ये रेथिऑन या संरक्षण कंपनीचंही तेच. त्यामुळे ईएडीवर असताना तिन्ही ठिकाणांमध्ये पारडं चँडलर-फिनिक्सकडे झुकतं: इंटेलचा चँडलरचा चिप कारखाना, उत्तर फिनिक्समध्ये टीएसएमसी ही तैवानी चिप कंपनी, आणि त्यांना उपकरणं पुरवणाऱ्या कंपन्यांची रांग. नोकरी हाच निकष असेल तर मी अल्बकर्की सुचवणार नाही.

बाळाचा विचार असेल तर एक मुद्दा मात्र न्यू मेक्सिकोच्या बाजूने. १ नोव्हेंबर २०२५ पासून राज्याने पाळणाघराची मदत उत्पन्नाची अट काढून सगळ्यांना खुली केली आहे. जागा मिळणं ही वेगळी गोष्ट, नोंदणी गरोदरपणातच करावी. डॉक्टरांची टंचाई आहे, हेही तितकंच खरं.

इथल्या जुन्या घरांत एसी नसून स्वॅम्प कूलर असतो. नागपूर-अकोल्याचा कूलर ज्यांनी वापरलाय त्यांना तत्त्व सांगायला नको: खिडकी दोन बोटं उघडी ठेवायची, नाहीतर घर नुसतं दमट होतं. जूनमध्ये झकास चालतो, जुलै-ऑगस्टमध्ये पावसाळी हवा आली की निकामी. पाणी जड असल्याने पॅडवर क्षार चढतात, पॅड दर वसंतात बदलायचे. ऑक्टोबरात पाण्याची लाइन रिकामी करायची, नाहीतर पहिल्या गोठवणाऱ्या थंडीत नळी फुटते. घर घेताना "रेफ्रिजरेटेड एअर" असं लिहिलंय का ते बघा, त्याचा अर्थ खरा एसी.

स्वयंपाकाचं थोडं: पाणी ९५ अंश सेल्सियसच्या आसपासच उकळतं. कुकरला साधारण सहावा भाग वेळ जास्त द्या, राजमा-छोले असतील तर आणखी थोडा.

नीलकंठ_टूसान
बाळाचा विषय निघाला म्हणून व्हॅली फीव्हरकडे लक्ष वेधतो. फिनिक्स आणि टूसान दोन्हीकडच्या मातीत कोक्सिडिऑइडिस नावाची बुरशी असते. धुळीबरोबर ती फुप्फुसात जाते, एक ते तीन आठवड्यांनी ताप, खोकला आणि भयंकर थकवा. बऱ्याच जणांना काहीच जाणवत नाही, पण गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आणि मधुमेह असलेल्यांना आजार जड जातो. साधा न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक दिलं जातं, त्याचा बुरशीवर उपयोग नाही. खोकला आठवड्याहून जास्त टिकला तर "व्हॅली फीव्हरची रक्ततपासणी करा" असं स्वतःहून म्हणा. सासूसासऱ्यांनाही सांगून ठेवा. परत गेल्यावर आजार दिसला तर पुण्या-मुंबईच्या डॉक्टरला तो सुचण्याचं कारण नाही, त्यांनी ॲरिझोनात राहून आल्याचं सांगायला हवं.

टूसान फिनिक्सपेक्षा सुमारे तेराशे फूट उंच, काही अंशांनी गार, विद्यापीठाचं गाव. भाडी बरी, नोकऱ्या कमी. तुमची एकीची नोकरी घरूनच आहे, पण नवऱ्याला रोज फिनिक्सला गाडी हाकायला लावू नका, आय-१० महामार्गावर ते शंभराहून जास्त मैल आहेत.

मान्सून १५ जून ते ३० सप्टेंबर धरतात. कोरडा ओढा, ज्याला इथे वॉश म्हणतात, अर्ध्या तासात वाहतो. रस्त्यावर आडवं पाणी दिसलं तर थांबा. अडथळा लावलेल्या रस्त्यात गाडी घालून अडकलात तर सुटकेचा खर्च कायद्याने तुमच्याकडून वसूल करता येतो. धुळीचं वादळ आलं तर रस्त्यापासून जमेल तितकं दूर गाडी घ्या, सगळे दिवे बंद, हँडब्रेक ओढा आणि पाय ब्रेकवरून काढा. मागचा तांबडा दिवा दिसला की मागून येणारा त्याला पुढची गाडी समजून थेट तुमच्यावर येतो.

ऋतुगंधा
फार उपयोगी. म्हणजे नवऱ्याची नोकरी आधी, आणि चँडलर. आणखी विचारते: घरी तानपुरा आणि पेटी आहे, ती ट्रकने पाठवावी का? आणि सासूसासऱ्यांचं काय करावं?

चँडलरवासी
तानपुरा ट्रकने नको. बंद ट्रकमध्ये उन्हाळ्यात भाजून निघतो, भोपळ्याचा सांधा सुटतो. तारा सैल करून, गाडीत स्वतःबरोबर, एसीत न्या. रात्री मुक्कामाला खोलीत घ्या. इथे पोचल्यावर जूनची हवा इतकी कोरडी असते की लाकूड आणि भोपळा दोन्ही आक्रसतात. वाद्यांच्या खोलीत ह्युमिडिफायर लावून आर्द्रता ४०-४५ टक्क्यांवर ठेवा, शेजारी दहा-पंधरा डॉलरचा आर्द्रतामापक ठेवा. पेटीच्या भात्याच्या कडांचा सरस सुटतो, तेव्हा तीही तिथेच. औषधं, मेणबत्त्या आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या ट्रकमध्ये घालू नका.

सासूसासऱ्यांचा मुक्काम उलटा करा: ऑक्टोबर अखेर ते एप्रिल. हे जमत नसेल तर निदान जून-जुलै-ऑगस्ट टाळा. वयस्कर माणसांचा दिवस फिरण्यावर चालतो, आणि इथे त्या तीन महिन्यांत संध्याकाळी सातलाही १०५ असतं. डांबर दुपारी १६० च्या पुढे जातं, त्यावर पडलं तर त्वचा भाजते. फिरणं पहाटे साडेपाचला किंवा मॉलमध्ये. गणपतीला मॅरिकोपाच्या महागणपती मंदिरात नेता येईल. भारतातल्या फोनसाठी सोय अशी की ॲरिझोनात घड्याळ बदलत नाही, बारा महिने साडेबारा तासांचाच फरक.

लीजबद्दल राहिलंच. ॲरिझोनात डिपॉझिट दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. घरभाड्यावरचा शहरांचा कर १ जानेवारी २०२५ पासून रद्द झालाय, बिलात ती ओळ दिसली तर काढायला लावा. फिनिक्स शहराच्या हद्दीत एसी असलेलं घर ८२ पर्यंत थंड ठेवणं मालकाला बंधनकारक आहे. पुढे घर विकत घेताना पाणी कुठल्या संस्थेचं हे विचारल्याशिवाय सही करू नका. शहराबाहेर टँकरच्या पाण्यावरची घरं स्वस्त दिसतात. रिओ व्हर्दे फूटहिल्स या वस्तीला १ जानेवारी २०२३ पासून शेजारच्या स्कॉट्सडेल शहराने टँकर भरू देणं बंद केलं आणि तिथल्या लोकांचे हाल झाले.

गाडीवान
२०१६ ची गाडी आणणार असाल तर निघण्याआधी कूलंट बदला आणि बॅटरी तपासा. इथे बॅटरी दोन-तीन वर्षांच्या वर टिकत नाही, आणि जाते ती उन्हाळ्यात. टायरच्या कडेवर डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा, "२३१९" म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांच्या वर गेलेला टायर, खाचा चांगल्या दिसल्या तरी, तापलेल्या रस्त्यावर फुटतो.

डिसेंबर ते फेब्रुवारीत येत असाल तर आय-४० ने फ्लॅगस्टाफमार्गे नको, बर्फ मिळेल. टेक्सासमधून आय-२० आणि आय-१० ने या. उन्हाळ्यात आय-४० ठीक, पण फ्लॅगस्टाफहून फिनिक्सला उतरताना सुमारे सहा हजार फूट खाली यायचंय, खालच्या गिअरमध्ये या, ब्रेकवर पाय ठेवून नको.

पोचल्यावर आधी लायसन्स, मग गाडीची नोंदणी. न्यू जर्सीचं टायटल (गाडीच्या मालकीचा कागद), चासी क्रमांकाची तपासणी आणि फिनिक्स भागात धुराची चाचणी लागेल. वाहनकर गाडीच्या नव्या असतानाच्या किमतीच्या ६० टक्क्यांवर सुरू होतो आणि तो आधार दरवर्षी १६.२५ टक्क्यांनी घटतो, त्यामुळे तुमच्या गाडीला फार पडणार नाही. पुढची नंबरप्लेट लागत नाही. लायसन्सची मुदत व्हिसाच्या मुदतीएवढीच मिळते, म्हणून सुधारित एच-१बीची मंजुरी हातात आल्यावर जाता आलं तर एक फेरी वाचेल, पण त्यासाठी महिनोन्‌महिने थांबू नका, नव्या रहिवाशाने लायसन्स लगेच काढायचं असतं.

अबोली७
कढीपत्त्याची कुंडी आणू नका हो. लिंबूवर्गीय झाडांच्या किडीमुळे ती रोपं राज्यात आणण्यावर निर्बंध आहेत, कढीपत्ता त्याच कुळातला. इथल्या नर्सरीत मिळतो, पूर्वेच्या भिंतीशी लावा आणि पहिले दोन उन्हाळे दुपारी शेडनेट धरा.