ग्रीन डेने ओळ बदलली. गाणं वाढलं की आक्रसलं?

पावसाळी_दादर

१२ एप्रिल २०२५ला कॅलिफोर्नियात कोचेला संगीत महोत्सवाच्या मंचावर ग्रीन डे या अमेरिकन रॉक बँडचा गायक बिली जो आर्मस्ट्राँग २००४च्या 'जीझस ऑफ सबर्बिया'ची एक ओळ बदलून गायला. मूळ ओळ अशी की, अन्याय सोसलेला माणूस वेदनेपासून पळत सुटतो. त्या जागी त्याने 'पॅलेस्टाइनमधल्या मुलांसारखं' पळणं घातलं. आमच्या मित्रमंडळींत यावरून सरळ दोन तट पडलेत.

मला हा बदल पटलेला नाही. गाझातल्या मुलांबद्दल बोलू नये असं मी अजिबात म्हणत नाही, ते फोटो बघून माझंही अन्न गोड लागत नाही. पण हे गाणं कोणाचं आहे? नऊ मिनिटांचं, पाच तुकड्यांचं गाणं, आणि त्यात अमेरिकेच्या उपनगरातला एक पोरगा. टीव्ही, गोळ्या, सेव्हन-इलेव्हन दुकानाबाहेरची गाड्या लावायची जागा, एवढंच त्याचं जग. तो कंटाळून स्वतःच्या पायांनी घर सोडतो. गाझातल्या पोराला जायचंय का, असं कोणी विचारलं नव्हतं. ही दोन पळणी एका ओळीत कोंबली की दोघांचंही दुःख धड ऐकू येत नाही.

त्याच्या आदल्या महिन्यात, मार्चमध्ये, मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर ग्रीन डे वाजवायला आले तेव्हा मी तिथे होतो. वीस वर्षं वाट पाहिली होती. शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आलेले, दोघांचेही ओठ प्रत्येक शब्दाला हलत होते. इतकी वर्षं पाठ असलेल्या शब्दांवर आपलाही थोडा हक्क असतो, असं मला मनापासून वाटतं.

कोयनाकाठ

मी पूर्ण विरुद्ध बाजूला. तुम्ही बदललेल्या ओळीपाशी थांबलात, तिच्या पुढची ओळ ऐका. 'आणखी एका ब्रोकन होमच्या कहाण्या.' २००४ साली त्याचा अर्थ आईबाप वेगळे झालेलं घर एवढाच होता. आता आधी पॅलेस्टाइनमधली मुलं येतात आणि लगेच तेच 'ब्रोकन होम'. पुढचा एक शब्दही बदललेला नाही, तरी मला डोळ्यांपुढे छप्पर कोसळलेली खोली दिसली. लोखंडी सळया बाहेर आलेल्या, खाली गादी.

आपल्याकडे संसार मोडतो आणि घर पाडतात, क्रियापदंच वेगळी. इंग्रजीत एकाच शब्दात दोन्ही मावतं, आणि त्याने नेमकी तीच फट शोधली. हे कोंबणं नव्हे हो, कारागिरी आहे.

पावसाळी_दादर

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, मान्य. पण स्वतःच्या मर्जीने निघालेला आणि हाकलला गेलेला हा फरक त्याने कुठे जातो?

कॅसेटवाला_७४

मी १९९४ला त्यांच्या 'डूकी' अल्बमची कॅसेट फीत झिजेपर्यंत वाजवलेला माणूस आहे, तेव्हा कळकळीने लिहितो. ही एकाच ओळीची गोष्ट नाही. ३१ डिसेंबर २०२३ला टीव्हीवरच्या नववर्षाच्या कार्यक्रमात 'अमेरिकन इडियट' गाण्यातला 'रेडनेक अजेंडा' काढून 'मागा अजेंडा' आला, मागा म्हणजे ट्रम्प यांची 'मेक अमेरिका ग्रेट अगेन' घोषणा. जानेवारी २०२५ला जोहान्सबर्गला तिथेच 'इलॉन अजेंडा', म्हणजे इलॉन मस्क. मूळ गाणं इराक युद्धाच्या काळातलं, पण त्यात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुश यांचं नाव कुठेही नाही. टीव्हीने घाबरवून वेडा केलेला देश, एवढंच त्यात आहे. म्हणून तर ते वीस वर्षांनंतरही लागू पडतं. नाव घातलं की गाण्याचं वर्तमानपत्र होतं, आणि कालचं वर्तमानपत्र कोणी वाचत नाही.

अण्णा भाऊ साठ्यांचं 'माझी मैना' हे गाणं आठवा. गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढणारा गडी, आणि आतून सगळी संयुक्त महाराष्ट्राची जखम. झाकलेलं होतं म्हणून टिकलं.

डफवाली_सातारा

दादा, थांबा. मैनेबद्दल तुम्ही अर्धंच सांगितलंत. आमच्या घरी आजोबा कलापथकात होते, हे गाणं मी त्यांच्या मांडीवर बसून ऐकलंय. बायकोचं वर्णन होतं, मुंबईचं वर्णन होतं, आणि मग अण्णा भाऊ उघड सांगतात की जी माझी गत झाली तीच खंडित महाराष्ट्राची. बेळगाव, कारवार नावानिशी येतात. आजोबा तिथे डफ थांबवायचे आणि ती गावं नुसत्या आवाजात म्हणायचे. गर्दीतून हुंकार यायचा तो त्या नावांवर. नाव घेतल्याने गाणं शिळं होतं, हा नियम आपल्या शाहिरीत तरी लागू पडत नाही.

वगात तर ज्या गावात मुक्काम तिथलं काहीतरी त्या रात्री घातलंच जायचं. त्याने वग बाटला असं कोणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

कॅसेटवाला_७४

मैनेबद्दल चुकलो, दुरुस्ती मान्य. पण अण्णा भाऊंनी ती गावं गाणं रचतानाच घातली, चाल आणि शब्द एकत्र जन्मले. इथे वीस वर्षांनी पट्टी बदलावी तसं नाव बदलतंय. आणि ते कलापथक पोलिसांची नजर चुकवत फिरायचं. कोचेलाचा मुख्य मंच म्हणजे तशी जोखीम नव्हे.

ओहायोची_सून

मला 'रेडनेक'बद्दल बोलायचंय, कारण तो शब्द इथे अमेरिकेत राहून मला फार टोचतो. मूळ अर्थ शेतात राबून मान उन्हाने भाजलेला गरीब गोरा माणूस. १९२१ला वेस्ट व्हर्जिनियात ब्लेअर माउंटनला कोळसा खाणकामगार मालकांविरुद्ध उठले, तेव्हा त्यांनी गळ्यात लाल रुमाल बांधले होते. त्यांनाही हाच शब्द लावला गेला. म्हणजे २००४ची मूळ ओळ सत्तेवर नव्हती, गरिबांच्या एका थरावर होती. वीस वर्षांनी बिली जोने ती दुरुस्त केली. मला ही बँडच्या हातून झालेली सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते.

कॅसेटवाला_७४

ताई, पण तुमच्या आसपासची ती भाजल्या मानेची माणसंच मागावाली असली तर?

ओहायोची_सून

आहेत ना. शेजारच्या आजोबांच्या अंगणात निवडणुकीत तीच पाटी होती. माझं बाळंतपण झालं तेव्हा फेब्रुवारीभर आमच्या दारातला बर्फ त्यांनीच काढला, सकाळी सहाला, न सांगता. त्यांच्या मतावर कोणी कडाडून गाणं लिहिलं तर मी ते मोठ्याने लावीन, आणि त्यांच्यासमोरही लावीन, कारण मत त्यांनी निवडलंय. मानेवरून हिणवणारं मी त्यांच्यासमोर लावू शकत नाही.

कोयनाकाठ

दादरकरांच्या हक्काच्या मुद्द्यावर एक. 'वेक मी अप व्हेन सप्टेंबर एंड्स' बिली जोने वडिलांवर लिहिलं. १९८२च्या सप्टेंबरात ते कर्करोगाने गेले, तो दहा वर्षांचा होता. लोकांनी ते ११ सप्टेंबरचं गाणं करून टाकलं, आणि व्हिडिओ आला तो इराकला जाणाऱ्या सैनिकाचा. त्याच्या घरच्या दुःखात आपण देशाचं दुःख घातलं, आणि त्याने ते घालू दिलं. मग त्याने स्वतःच्याच गाण्यात दुसऱ्याची पोरं आणली तर आपण दार का अडवायचं?

पावसाळी_दादर

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण दोन्ही रूपं पुन्हा पुन्हा ऐकत होतो. मर्जीचा फरक मला अजून बोचतो, तो मी सोडत नाही. काल रात्री लोकलच्या दारात उभा राहून गाणं लावलं, २००४चंच. ओठांवर सवयीने जुनीच ओळ आली. पण त्यापुढचं 'ब्रोकन होम' आलं आणि मला सळया दिसल्या. कोयनाकाठ, ते मूळ अर्थाने आता मला ऐकूच येत नाहीये.