कप आला म्हणून सतरावा नंबर माफ? टॉटनहॅमचा मॅनेजर अँज पोस्टेकोग्लू राहणार की जाणार (मे २०२५)

पांढरा_कोंबडा
हिशेबीची कालची पोस्ट वाचून डोकं फिरलंय म्हणून सविस्तर लिहितोय. त्याचं म्हणणं काय, तर बिलबाओला जिंकलेला युरोपा लीगचा कप कपाटात ठेवा, अँजला हार घाला आणि बाहेरचा रस्ता दाखवा, कारण प्रीमियर लीगमध्ये सतरावे आलो. अरे १७ वर्षं आपण दुसरं काय मागत होतो? आधीचा मॅनेजर पोचेटिनो, त्याच्या काळात काय सुंदर खेळायचो, माद्रिदच्या चॅम्पियन्स लीग फायनलपर्यंत गेलो, हातात काय पडलं? त्याच्या जागी आलेल्या मोरिन्योला तर लीग कप फायनलच्या सहा दिवस आधी हाकलला. नंतरचा मॅनेजर काँटे साउथॅम्प्टनच्या ३-३ नंतर सगळ्यांची खरडपट्टी काढून निघून गेला. आणि हा माणूस सप्टेंबरात आर्सेनलकडून हरल्यावर छातीठोकपणे सांगतो की दुसऱ्या सीझनला मी नेहमीच काहीतरी जिंकतो, सगळे खीखी हसतात, आणि मेमध्ये युरोपा उचलून दाखवतो. १९८४ नंतर पहिला युरोपियन कप! याला काढणारा क्लब वेडाच म्हणायचा.

हिशेबी
३८ पैकी २२ मॅच हरलो. बावीस. लेस्टर २५ पॉइंटवर अडकले म्हणून आपले ३८ पुरले, नाहीतर तुझा कप घेऊन खालच्या डिव्हिजनला गेलो असतो. कप जिंकून चार दिवस नाही झाले तर ब्रायटनने आपल्याच घरात ४-१ धुतलं. आणि फायनल तरी कशी जिंकली? जॉन्सनचा तो कसातरी लागलेला गोल, पुढे सगळा वेळ गोलसमोर ठिय्या. जॉन्सनला काढून डान्सो आणला, पाच डिफेंडर. मग दोन वर्षं आम्हाला हाय लाईनची (डिफेन्स पार पुढे, हाफवेपर्यंत नेण्याची) प्रवचनं कशाला ऐकवली?

पार्कलेन_ताई
हिशेबी, फायनलला आपल्या डिफेंडर व्हॅन डे व्हेनने गोललाईनवरून हवेत पाय टाकून तो हेडर बाहेर काढला तेव्हा तू काय पॉइंट मोजत होतास? मी किंचाळले आणि आख्खं घर उठलं. आणि इंज्युरीचं कुणी बोलतच नाही. डिफेन्समध्ये रोमेरो नाही, व्हॅन डे व्हेन नाही, गोलकीपर विकारियोचा घोटा मोडलेला, आर्ची ग्रेसारखं १८ वर्षांचं मिडफिल्डचं पोरगं सेंटर बॅकला. त्या टीमकडून कुणीही काय करणार होतं?

हिशेबी
ताई, त्या इंज्युऱ्या आभाळातून पडल्या का? डिसेंबरात चेल्सीविरुद्ध रोमेरो आणि व्हॅन डे व्हेन दोघांना एकदम उतरवलं आणि दोघेही त्याच मॅचमध्ये परत बाहेर. सारखं धाव-धाव खेळवलं की हॅमस्ट्रिंग जाणारच.

मध्यरात्र
मला अँज तेव्हाच खटकला, मे २०२४ च्या मँचेस्टर सिटी मॅचला. हरलो तर आर्सेनलचं टायटल जातंय एवढी साधी गोष्ट, आणि हा मागे वळून आपल्याच प्रेक्षकावर ओरडतोय. वर म्हणे क्लबचा पायाच कच्चा. तू कोण रे आम्हाला शिकवणारा, दुष्मनी काय असते ते माहीत तरी आहे का?

पांढरा_कोंबडा
घ्या, आलाच हा विषय! त्या रात्री जे टाळ्या वाजवत होते ना, त्यांनी फॅन म्हणवून घेऊ नये. ती मॅच जिंकली असती तर आपले ६९, ॲस्टन व्हिलाचे ६८. चौथा नंबर. चॅम्पियन्स लीग तेव्हाच मिळाली असती. आणि आपले लोक सिटीच्या हालांडच्या गोलवर नाचत होते.

मध्यरात्र
आपल्या सॉनने सिटीचा गोलकीपर ऑर्टेगासमोर एकटा असताना मिस केलं तेव्हा मी हुश्श केलं, आणि आजही करीन. माझ्या ऑफिसात माझ्याशेजारी आर्सेनलवाला बसतो. २००४ पासून त्याच्याकडे लीग नाही हे एकच सुख होतं मला. तुला नाही कळणार.

पांढरा_कोंबडा
शेजारच्याचं वाटोळं व्हावं म्हणून स्वतःच्या टीमने हरावं असं वाटणाऱ्याने मॅनेजरची लायकी काढावी, कमाल आहे. अँज बरोबर बोलला, पाया कच्चा म्हणजे तू.

मध्यरात्र
तोंड सांभाळ. कधीपासूनचा बघतोय, तुझ्यासारखा स्ट्रायकर केन आल्यावर नाही आलो.

पार्कलेन_ताई
झालं तुमचं? प्रश्न अँज राहणार का हा होता. मला तर नाही वाटत तो राहील. चेअरमन लेव्हीचा इतिहास बघा. तेव्हाचा मॅनेजर रामोस, त्याने फेब्रुवारी २००८ ला लीग कप दिला, ऑक्टोबरात गेला.

हिशेबी
आणि गेला ते बरंच झालं की! आठ मॅचमध्ये दोन पॉइंट होते. त्याच्या जागी रेडनॅप आला आणि २०१० ला चौथे. म्हणजे कपवाल्याला काढून भलं झाल्याचं उदाहरण आपल्याच घरात आहे, ताई, तुम्हीच दिलंत, आभारी आहे.

पांढरा_कोंबडा
बरं, रामोसचं मान्य. पण रामोसला पुढचा सीझन सुरू करू दिला होता ना? तेवढं तरी द्या. टीमची पोरं त्याच्यासाठी रडली त्या रात्री. आता ब्रेंटफर्डचा मॅनेजर फ्रँक याचं नाव ऐकतोय, चांगला माणूस आहे, पण युरोपा जिंकून चॅम्पियन्स लीग मिळवून दिली कुणी आणि खेळवणार कोण?

हिशेबी
ठीक आहे बाबा, ठेवा ऑगस्टपर्यंत. सुपर कपला (युरोपावाले विरुद्ध चॅम्पियन्स लीगवाले) समोर पीएसजी किंवा इंटर असतील. लावा तिथे हाफवेवर लाईन.

पार्कलेन_ताई
लावू. तू मॅच बघू नकोस मग, सकाळी टेबल बघ.